एकाच घरातली दोन पोरं दोन टोकांची, मग संस्कार नेमके कोणावर झाले?

गंगापूररोडकर:
गेल्या रविवारी नात्यात साखरपुडा होता. धाकट्याने (सहावी) वाढप्याच्या हातातलं जिलबीचं ताट घेतलं आणि सरळ पंगतीत वाढायला लागला. थोरला (नववी) कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. बायकोची मावशी धाकट्याकडे बघून म्हणाली, "वळण म्हणून नाही." पाचच मिनिटांत थोरल्याकडे बघून, "किती छान संस्कार!"

अहो, आईबाप तेच ना? आजी तीच, शुभंकरोति तेच, "बाहेरून आल्यावर पाय धुवा" हेही तेच.

माझं स्पष्ट मत: संस्कार हा आपण मागाहून मांडलेला हिशेब आहे. पोरगं जसं यायचं तसंच येतं. हवेत बोलत नाही. २०१५ साली जुळ्यांवरचे अडीच हजारांहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे आपली आजी आधीच सांगून गेली आहे.

निफाडचा_बागायतदार:
दादा, पाळण्यात पाय दिसतात, चाल दिसत नाही.

आमच्या शिवारात या. थॉमसन द्राक्षाची बाग म्हणजे सगळा कलमांचा खेळ. बी लावून थॉमसन होत नाही, काडीपासूनच होतो. म्हणजे वेल न् वेल एकाच वाणाचा. आता शेजारशेजारच्या दोन बागा बघा. एकाने एप्रिलची खरड छाटणी वेळेवर केली, काड्या मोजून ठेवल्या, विरळणी केली. दुसऱ्याने आळस केला. ऑक्टोबरला छाटणी दोघांचीही झाली, पण फेब्रुवारीत एकाचा माल एक्सपोर्टला आणि दुसऱ्याचा बेदाण्याला. वाण तोच! फरक पडला तो निगराणीने.

गंगापूररोडकर:
भाऊ, उदाहरण झकास, पण ते तुमच्यावरच उलटतंय. तुमच्याकडे वाण एकच, म्हणून निगराणीचा फरक दिसला. आता एकाच सरीत थॉमसन आणि शरद लावा. पाणी तेच, खत तेच, फवारणी तीच. एक हिरवाच येणार, दुसरा काळाच. कितीही विरळणी करा, शरद हिरवा होणार नाही. माझ्या घरात सरी एकच आहे आणि वेल दोन.

निफाडचा_बागायतदार:
बरोबर. पण हिरव्याला चांगला हिरवा करणं तर हातात आहे ना?

सिडको_खान्देशी:
तुम्ही दोघंही घरातच अडकलात. आम्ही मूळचे जळगावकडचे. घरात मी, बायको, आई, तिघंही अहिराणी बोलतो. पोरगा जन्मापासून ऐकतोय, समजतं सगळं, बोलत मात्र एक वाक्य नाही. बोलतो तो गल्लीतल्या पोरांसारखं. आईबाप रोज एक भाषा कानावर घालतात आणि पोरगं दुसरीच उचलतं. इथे रक्तही हरलं आणि घरही हरलं, जिंकली ती क्रिकेटची टीम. ज्युडिथ रिच हॅरिस नावाच्या अमेरिकन बाईंनी १९९८ सालीच हे मांडलं होतं: आईबाप समजतात तेवढं त्यांचं चालत नाही, बरोबरीची पोरं जास्त घडवतात. आपल्याकडे तर म्हणच आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

पंचवटीच्या_बाई:
तीस वर्षं शाळेत काढली, म्हणून एकच सांगते. "उपजतच असतं" हे वाक्य लोक सोयीने वापरतात. मुलीला स्वयंपाकाची उपजत आवड, मुलाला नाही. मग हॉटेलांत आणि लग्नाच्या आचाऱ्यांत सगळे बाप्येच कसे? तिथे उपजत आवड पगार बघून येते का? जेवण झाल्यावर ताट उचल, असं मुलीला कितव्या वर्षी सांगितलं आणि मुलाला सांगितलं का, एवढं प्रत्येकाने आठवून बघावं.

गंगापूररोडकर:
बाई, आमच्याकडे दोघंही मुलगेच आहेत, ताट दोघंही उचलतात. (धाकटा दुसऱ्यांचीही उचलतो, हे पंगतीत कळलंच.)

दत्तक_लेकीची_आई:
हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

आमची लेक चौदा महिन्यांची असताना घरी आली. आता अकरावीत आहे. गणितात पहिली आली की सगळे म्हणतात, "तुमचे संस्कार हो!" आठवीत असताना एकदा शाळेत खोटं बोलली. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "रक्त कुठलं, कोणाला माहीत." त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा क्लास बुडवून सोमेश्वरच्या धबधब्यावर सापडला. त्याला त्या म्हणाल्या, "वयच असं असतं."

दोघांचीही चूक पोरकटच. एकीचं रक्त, दुसऱ्याचं वय. गंगापूररोडकर, तुमचे ४९ टक्के खोटे नसतील. पण आमच्या घरात ते टक्के कधी बाहेर निघतात, हे मला पाठ झालंय.

मुका_वाचक:
४९ टक्क्यांबद्दल एक दुरुस्ती. याचा अर्थ तुमच्या धाकट्यातला निम्मा भाग जन्माचा आणि निम्मा घराचा, असा नाही. पुष्कळ माणसं घेतली तर त्यांच्यातल्या फरकाचा किती भाग जन्मजात भेदाशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. आणि तो स्थिर नसतो. एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास मांडला. बुद्ध्यंकातल्या फरकात गरीब घरांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्य निघाला, सुखवस्तू घरांमध्ये बराच मोठा. पाणीच नसेल तर वाण कुठला ते कळणार कसं? निफाडकर हेच म्हणत होते, फक्त द्राक्षांच्या भाषेत.

निफाडचा_बागायतदार:
हे पटलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला एकेरी नौकानयनात तेरावा आला. सहा फुटांवर उंची, ती देवाची देणगी. पण टँकरची वाट बघणाऱ्या त्या भागात वल्हं कुठून येणार? सैन्यात गेला तेव्हा नाव हातात आली. गावात असे किती दत्तू असतील, ज्यांच्यापुढे नावच आली नाही?

गंगापूररोडकर:
त्याच्याबरोबर भरती झालेल्या शेकडो जणांपुढे पाणी होतं. ते नाही गेले रिओला.

पण ठीक आहे, माझं पहिलं वाक्य मागे घेतो. "जसं यायचं तसंच येतं" हे जास्त झालं. मावशींवरचा राग मात्र मागे घेत नाही. आणि ताई, माझा आकडा तुमच्या जाऊबाईंच्या कामी येईल, हे लिहिताना डोक्यात नव्हतं.

दत्तक_लेकीची_आई:
तुमच्या आकड्याची त्यांना गरज नाही हो, त्यांचं त्याच्याशिवाय छान चालतं.

रक्ताला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टर विचारतात, घरात कोणाला शुगर, बीपी, थायरॉइड? तिथे खरंच रक्त लागतं आणि माझ्याकडे उत्तर नसतं. इतकी वर्षं मी तिथे रेघ मारत आले. गेल्या महिन्यात दवाखान्यात लेकीने फॉर्म माझ्या हातातून घेतला, त्या रकान्यात "माहीत नाही" लिहिलं आणि पुढचा रकाना भरायला लागली.