सोसायटीच्या ॲपवर मावशींना स्टार द्यायचे का? रविवारी मतदान आहे

कर्वेनगरकर
आमची ८४ फ्लॅटची सोसायटी आहे, गेटवर ॲप दोन वर्षांपासून आहे, कोण आलं कोण गेलं ते फोनवर कळतं आणि इथपर्यंत मलाही ते सोयीचंच वाटत होतं. आता कमिटीने नवीन काढलंय, कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांचा चेहरा स्कॅन झाल्याशिवाय आत सोडायचं नाही आणि प्रत्येक घराने आपल्या मावशींना पाचपैकी स्टार द्यायचे, ते सगळ्या सोसायटीला दिसणार.

परवा सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली गेले तर गेटवर ट्रायल चालू होती. आमच्या मावशी नऊ वर्षं येतायत. पाऊस होता, त्या ओल्या रेनकोटात मशीनसमोर उभ्या आणि चेहरा काही लागेना. वॉचमन काका त्यांच्या तोंडावर मोबाईलचा टॉर्च धरून सांगतायत, टोपी काढा, मान वर करा, हलू नका. चौथ्या वेळी लागला. तेवढ्यात सी विंगचे दोघं टेकडीवरून फिरून आले आणि सरळ आत गेले. मावशी वर आल्यावर बराच वेळ गप्पच, मग भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, मला किती पडणार हो स्टार?" मला काही बोलताच आलं नाही.

मला विरोध करायचाय, पण नुसतं वाईट वाटतं म्हणून सभेत कोण ऐकणार? मुद्दे सुचवा प्लीज.

वाकड_बी७०२
मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे दोन फ्लॅट फुटले तेव्हा पोलिसांनी पहिलं विचारलं, त्या दिवशी आत कोण कोण होतं. नोंद लागतेच. आणि जुन्या रजिस्टरमध्ये तरी काय होतं, सगळ्यांचे नंबर उघडे, कुणीही पान उलटून बघावं.
पण स्टारला माझाही ठाम विरोध. आमच्याकडे एका मावशींनी गणपतीत पाहुण्यांची जादा भांडी घासायला नाही म्हटलं म्हणून एक स्टार पडला, आणि पुढच्या महिन्यात त्यांची दोन घरं सुटली. त्यांची बाजू कुणी विचारलीच नाही.

सदाशिव_पेठ_३०
कायद्याचं सांगते. सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो, सोसायटीला थेट लावता येईल असं नाही. तुमच्या कामाचा आहे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. त्यात संमती मोकळी, माहिती देऊन घेतलेली आणि बिनशर्त हवी, आणि सूचना मराठीतही मिळायला हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कलमं मात्र अठरा महिन्यांनी लागू होणार. तरी सभेत एवढं विचाराच की चेहरा दिला नाही तर काम जाणार असेल तर ती संमती मोकळी कशी? आणि मावशींनी काम सोडल्यावर तो चेहरा पुसणार कोण?
अजून एक, सरकार आपल्यावर नजर ठेवतं म्हणून इथे रोज चिडून लिहिणारे आपणच आहोत ना, मग आपल्या गेटवर आपणच ते मंजूर कसं करतो?

पर्वती_पायथा
माझी आई पंचवीस वर्षं धुणंभांडी करते. भांड्याच्या पावडरीने तिच्या अंगठ्याच्या रेघाच गेल्यात, रेशनच्या दुकानात मशीन अंगठा घेत नाही, मग परत उद्या या. त्यामुळे "मशीन चुकत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ॲपवर आई ७:१२ ला आली ते दिसतं, पण पगार १४ तारखेला मिळाला ते कुठे दिसतं? ती घरांना स्टार देऊ शकते का?
१९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला त्यात माझी आजी होती, त्यातूनच संघटना उभी राहिली. तेव्हाही मागणं हेच होतं की सुट्टी आणि पगार ठरवताना आम्हालाही विचारा. तुम्ही मुद्दे आम्हाला विचारताय, मावशींना विचारलंत का?

कर्वेनगरकर
नव्हतं विचारलं. काल विचारलं. त्या म्हणाल्या, चेहऱ्याचं एकवेळ चालेल, पण आमच्यासाठी वेगळं आणि तुमच्यासाठी वेगळं नको, आणि स्टार नकोतच. सभेत येऊन हे बोलाल का म्हटलं, तर म्हणाल्या रविवारी अकराला मी चौथ्या घरी असते. म्हणून आत्ताच अर्ज दिलाय, सभा संध्याकाळी पाचला घ्या आणि सभासद नसल्या तरी कामाला येणाऱ्या बायकांना बोलायला बोलवा. ए आणि डी विंगमधून चौदा सह्या झाल्यात, बी विंगला आज रात्री जाते.