अंडरग्राउंड डॉग फेन्स स्वतः बसवलंय का कुणी? (न्यू जर्सी, अर्धा एकर, बजेट ३०० डॉलर)

बुंदीची_आई
नमस्कार मंडळी, माझा इथला पहिलाच धागा. सेंट्रल जर्सीत राहतो, घर कोपऱ्यावरचं, जागा अर्धा एकर, आणि आमचा एचओए (सोसायटीसारखी घरमालकांची संघटना) कुंपण घालू देत नाही, लाकडी नाही आणि जाळीचंही नाही. आमची कुत्री बुंदी बीगल जातीची आहे, दोन वर्षांची, ११ किलो. गेल्या महिन्यात तीनदा पळाली, दोनदा सशामागे आणि तिसऱ्यांदा ग्राउंडहॉग नावाच्या जनावराच्या मागे थेट मेन रोडवर. तिथे स्कूल बस लाल दिवे लावून उभी होती म्हणून बाकीच्या गाड्या थांबलेल्या होत्या, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. नवरा म्हणतोय जमिनीखालून वायर टाकतात ते फेन्स घेऊया. मला कुत्र्याला बसणाऱ्या शॉकचं भय वाटतं. बीगलवर चालतं का हे, कुठलं घ्यावं, आपलं आपल्याला बसवता येतं का? ३०० डॉलरच्या वर जाता येणार नाही, डिसेंबरची भारताची तिकिटं काढून झालीयत.

एडिसनकर_बापू
ताई, बजेट बाजूला ठेवा आणि सरळ कंपनीच्या माणसाला बोलवा. आम्ही २००० च्या वर दिले, नऊ वर्षं झाली, आमचा लॅब्राडोर एकदाही बाहेर गेलेला नाही. एकदाही नाही! त्यांचा ट्रेनर तीनदा घरी येऊन गेला. जिवाच्या बाबतीत काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑस्टिनचा_निनाद
आजकाल वायर कोण पुरतं? जीपीएस कॉलर (जागा ओळखणारा गळ्यातला पट्टा) घ्या, फोनवर बाउंड्री काढायची की झालं. आमच्याकडे पाच एकर आहे आणि दोन हस्की, कुठे आहेत ते ऑफिसात बसून दिसतं. एका कॉलरला सहाशेच्या आसपास पडले, वर महिन्याचं सबस्क्रिप्शन, पण वर्थ इट.

शार्लट_मावशी
निनाद, त्यांनी अर्धा एकर लिहिलंय. जीपीएसची हद्द दहा-पंधरा फूट इकडेतिकडे सरकते, झाडाखाली आणि घराच्या भिंतीजवळ जास्तच. पाच एकरात तेवढं चालून जातं, अर्ध्या एकरात पंधरा फूट म्हणजे रस्ता आला.

ऑस्टिनचा_निनाद
नवीन मॉडेल्स बरीच ॲक्युरेट आहेत.

मुळशीकर
एवढा खर्च कशाला? आमच्या शेतावर रानडुकरांसाठी झटका मशीन आहे, १२ व्होल्टची बॅटरी आणि वर सोलर पॅनल. आमचा मोत्या एकदा नाक लावून गेला, त्यानंतर तारेच्या चार हात लांबूनच जातो. तुमच्याकडे ती तार पुरतात म्हणजे ओल्या जमिनीत करंट उतरत नाही का? पोरंबाळं खेळतात तिथे.

शार्लट_मावशी
मुळशीकर दादा, दोन्ही एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या झटका मशीनमध्ये करंटचा ठोका उघड्या तारेतून जातो. इथे वायरमध्ये झटका नसतोच, नुसता बारीक रेडिओ सिग्नल फिरत असतो, हातात धरली तरी काही होत नाही. गॅरेजमध्ये डबा असतो, त्यातून निघालेली वायर जागेला वळसा घालून परत डब्यात येते, लूप पूर्ण झाला पाहिजे. कुत्रं वायरच्या जवळ गेलं की गळ्यातली कॉलर आधी बीप करते, आणि तरी पुढे गेलं तर कॉलरच्या दोन टोकांतून झटका देते. आयडिया जुनी आहे, १९७३ साली रिचर्ड पेक नावाच्या अमेरिकन माणसाने काढली.

मुळशीकर
असं आहे होय. मग बाहेरून येणाऱ्याला काहीच अडवत नाही ते. आमच्याकडे बिबट्यासाठी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात.

एडिसनकर_बापू
अगदी बरोबर बोललात. इथे बिबट्या नसला तरी कोल्ह्यासारखे कोयोटी आहेत, शेजाऱ्यांची मोकाट कुत्री आहेत. म्हणून कुत्रं बाहेर असताना मी डेकवर बसतो, चहा तिथेच.

सायली_कार्डिफ
राहवत नाही म्हणून लिहितेय. इथे वेल्समध्ये शॉक कॉलरवर २०१० पासून कायद्याने बंदी आहे, हद्दीच्या फेन्सची कॉलरसुद्धा त्यात येते. बंदी काही उगाच घातलेली नाही. बुंदीला तीन वर्षांच्या मुलासारखं वाढवताय ना, मग गळ्यात करंट कसा बांधवतो? लांब दोरी, रिकॉल ट्रेनिंग (हाकेला परत यायची सवय), चिकनचे तुकडे. आमच्या स्पॅनियलला आठ महिने लागले पण हाक मारली की वळतो.

एडिसनकर_बापू
स्पॅनियल वळेल हो. बीगलचं नाक जमिनीला लागलं की कान बंद होतात. चिकन दाखवा नाहीतर अख्खी कोंबडी.

सायली_कार्डिफ
बापू, आठ महिने केलंय का कुणी बीगलवर? आठवडाभर करून सोडून देतात.

बुंदीची_आई
सायली, तुझं पटतंय गं आणि लांब दोरी आम्ही आजपासूनच लावलीय. पण मुलगा सहा वर्षांचा आहे, तो दार उघडं टाकतो, तीनपैकी दोन वेळा असंच झालं. हाक मारायला मी तिथे नसतेच.

प्रिन्स्टनचा_अभ्या
मी स्वतः बसवलंय, दोन वीकेंड लागले, सगळे धडे स्वतःच्या पैशाने शिकलो म्हणून सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, खणायच्या आधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखाली वायरी-पाइप कुठे आहेत ते दाखवणाऱ्या सेवेला. फुकट असतं. जर्सीत कमीत कमी तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, मग ते येऊन लॉनवर रंग मारून जातात, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी फोन-केबल. पण तुमचे स्प्रिंकलरचे पाइप ते दाखवत नाहीत, ते खासगी. मी ८११ केलं आणि निर्धास्त झालो, आणि दुसऱ्या तासाला स्प्रिंकलरचा पाइप कापला, २६० डॉलर गेले, अख्ख्या किटपेक्षा जास्त.

दुसरी गोष्ट वायर. किटमध्ये २० गेजची केसासारखी वायर येते, ती फेकून द्या, १६ किंवा १४ ची जाड घ्या (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). माझी पातळ वायर पहिल्याच हिवाळ्यात तीन ठिकाणी तुटली. जमीन गोठते, फुगते, परत बसते, त्यात ओढली जाते. जोड द्यायचाच झाला तर जेल भरलेल्या वॉटरप्रूफ कॅप्सूलमध्ये द्या, नुसती काळी टेप लावली तर वर्षात गंजते. कोपरे काटकोनात वळवू नका, गोल घ्या. आणि डब्यापासून हद्दीपर्यंतच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून न्या, फुटाला दहा-बारा वेढे, म्हणजे त्या भागातला सिग्नल एकमेकांना मारतो आणि कुत्रं त्यावरून जाऊ शकतं. मी पीळ सैल घातला होता तर आमचा कुत्रा मागच्या दारातून बाहेरच पडेना. एक-दोन इंच खोल पुरे आहे, सपाट फावड्याने चीर पाडायची, वायर दाबायची, पायाने बंद.

ऑस्टिनचा_निनाद
बघा, म्हणून म्हणतो जीपीएस. शिवाय टेक्ससमध्ये वीज पडली की डबा जळतो, शेजाऱ्याचे दोन गेले. वायर घ्यायचीच तर सर्ज प्रोटेक्टर लावा.

शार्लट_मावशी
लॉनवाल्याला सांगून ठेवा हं. फॉलमध्ये एरेशन करतात ना, लॉनला मशीनने भोकं पाडतात, त्या मशीनचे दात दोन-तीन इंच आत जातात. आमची वायर एका दुपारी सात ठिकाणी कापली गेली. सात! त्या माणसाची चूक नाही, मीच सांगितलं नव्हतं.

रॅलेची_वैदेही
८११ ला फोन करायला विसरू नका.

प्रिन्स्टनचा_अभ्या
वर लिहिलंय ते.

रॅलेची_वैदेही
हो, पण महत्त्वाचं आहे म्हणून परत. मी व्हेट टेक (जनावरांच्या डॉक्टरची सहायक) आहे, दिवसभर हेच बघते. कॉलर २४ तास ठेवू नका. बारा तासांच्या वर नाही, रात्री काढायचीच, दिवसातून दोन-तीनदा मानेवर जागा बदलायची. ती दोन टोकं कातडीला सतत टेकून जखमा होतात, लोकांना वाटतं शॉकने भाजलं, तर तसं नसतं, दाबाने कातडी मरते. मागच्याच आठवड्यात एक गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा आला होता, केस बाजूला केले तर मानेवर बरोबर दोन भोकं, आत पू. मालकिणीला रडू आवरेना, तिला माहीतच नव्हतं. टोक आणि मान यांच्यात एक बोट जाईल इतकी घट्ट, त्याहून जास्त नाही, सैलही नाही.

आणि दुसरं. वायर टीव्हीच्या केबलजवळून किंवा घरातल्या वायरिंगला समांतर नेऊ नका. एका घरात सिग्नल टीव्हीच्या केबलवर चढला होता, कुत्रीला सोफ्याजवळ बसलं की झटका. तिला काय कळणार कुठून येतोय? ती त्या खोलीत यायचीच बंद झाली, लोक म्हणाले डिप्रेशन आलंय. सेटिंग झाल्यावर कॉलर हातात घेऊन, कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर धरून, बाहेर आणि घरातही सगळीकडे फिरा. बीप कुठे येतो ते ऐका.

सायली_कार्डिफ
हेच मी म्हणतेय. रस्त्यावरून लहान मूल जाताना झटका बसला तर कुत्रं मुलालाच दोष देतं आणि मग मुलांवर भुंकायला लागतं.

रॅलेची_वैदेही
सायली, तुमचा मुद्दा खरा आहे, तसं होताना पाहिलंय मी. म्हणूनच ट्रेनिंग महत्त्वाचं. लोक शनिवारी वायर टाकतात आणि रविवारी कुत्रं मोकळं सोडतात, तिथेच सगळं बिघडतं. दोन आठवडे तरी रोज दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा, पट्टा धरून. हद्दीवर पांढरी निशाणं लावायची, पहिले काही दिवस शॉक पूर्ण बंद, नुसता बीप, बीप झाला की तुम्ही आनंदाने हाक मारत मागे वळायचं आणि खाऊ द्यायचा. बीप म्हणजे घराकडे वळायचं, एवढंच डोक्यात बसलं पाहिजे.

एडिसनकर_बापू
आमच्या ट्रेनरने हेच केलं. म्हणून म्हणतो प्रोफेशनल बोलवा.

मुळशीकर
ताई एक शंका, भारतात याल तेव्हा बुंदीला कुठे ठेवणार?

बुंदीची_आई
मैत्रिणीकडे, दादा. तिच्याकडे खरं कुंपण आहे.

प्रिन्स्टनचा_अभ्या
बीगलबद्दल एक राहिलं. जनावर दिसलं की झटका सोसून पळून जाणारी कुत्री असतात, पण परत येताना पाठलागाचं वेड उतरलेलं असतं, मग तोच झटका खाऊन आत यायची हिंमत होत नाही. बाहेर उभं राहून रडतात. लेव्हल पुरेशी ठेवा, दया दाखवून १ वर ठेवली तर रोज पळेल आणि रोज झटकाही खाईल.

बुंदीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून दोन रात्री नवरा-बायकोत चर्चा झाली. प्रोफेशनल परवडणार नाही, जीपीएस नको, आणि नुसत्या दोरीवर आता माझा भरवसा राहिलेला नाही. फायनल ठरलं की कळवते.

बुंदीची_आई (ऑक्टोबर)
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. आम्ही जे केलं ते इथे कुणीच सुचवलं नव्हतं. पुढचं अंगण सोडूनच दिलं. रस्ता पुढे, बस पुढे, मुलं पुढे, तिथे बुंदी फक्त पट्ट्यावर. फेन्स फक्त बॅकयार्डला, हद्दीपासून दहा फूट आत. आणि वायर पुरलीच नाही, गवत अगदी बारीक कापून यू-पिनांनी जमिनीला ठोकली, दर दोन-तीन फुटांवर एक. महिन्याभरात गवत वर आलं, आता शोधून सापडत नाही. तरी ८११ ला फोन केला होता हं वैदेही, पिना ठोकायच्या होत्याच. वायर न्यायला पुढचा ड्राइव्हवे कापायचा प्रश्नच आला नाही.

अडचण एकच होती, लूप घराच्या बाजूने बंद करायचा तर वायर मागच्या दारासमोरून जाणार आणि बुंदी दारातच अडकणार. नवऱ्याने ती बाजू वर चढवली, भिंतीच्या कडेने वर, छताच्या गटरमधून, दुसऱ्या कोपऱ्याने खाली. दारात कॉलर धरून पाहिली, बीप नाही. घरात प्रत्येक खोलीत फिरले, टीव्हीजवळ दोनदा. साधं किट आणि १६ गेजची ५०० फूट वायर मिळून २८१ डॉलर.

ट्रेनिंग तीन आठवडे, त्यातले पहिले दहा दिवस फक्त बीप. त्यानंतर झटका चालू केला त्या दिवशी मी आधी स्वतःच्या मनगटावर घेतला, लेव्हल २. दुखलं म्हणण्यापेक्षा दचकले जास्त. बुंदीला एकूण दोनदा बसलाय. पहिल्यांदा ओरडली तेव्हा मी तिला कुशीत घेऊन तिथेच गवतात बसले. दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये हरणामागे आरपार गेली, आणि अभ्या म्हणाला तस्संच, परत येईना. शेजाऱ्यांच्या हायड्रेंजियाजवळ उभी राहून कूं कूं करत होती. डबा बंद केला, कॉलर काढली, उचलून आणली. त्या दिवसापासून लेव्हल ३, आणि ती बाहेर असताना घरातलं एक मोठं माणूस मागे हवंच, बापूंसारखं. कॉलर फक्त बाहेर जाताना, दाराशी खिळ्याला टांगलेली असते. मुलाला आता सवय लागलीय, कॉलरचा हिरवा दिवा लागल्याशिवाय दार उघडत नाही.

निशाणं काढून दोन महिने झाले. काल एक ससा हद्दीच्या पलीकडे चरत होता. बुंदी धावत गेली, वायरच्या सहा फूट अलीकडे थांबली, बसली, आणि मान वर करून जोरात रडली. सशाने कान हलवले आणि चरत राहिला.

एडिसनकर_बापू
शाब्बास ताई! पण गटरमधून वायर? आता पानं पडतील, गटर साफ करायला माणूस आला की ओढून काढेल.

शार्लट_मावशी
आणि एरेशनवाल्याला सांगितलं का?

बुंदीची_आई
एरेशन यंदा करणारच नाही मावशी, वायर अगदी वरच आहे. गटरचं खरंच लक्षात नव्हतं बापू. शनिवारी नवरा शिडी लावतोय, आतल्या कडेला क्लिपा मारून घेतो.