काळा पुरुष ‘धोकादायक’ कधी ठरला?

उंबरठा:
अमेरिकेतल्या काळ्या पुरुषांबद्दलचे पूर्वग्रह लोकांच्या अनुभवातून आले, असं हल्ली फार ऐकतो. मला पटत नाही. गुलामगिरी होती तोवर गोऱ्यांच्या रंगभूमीवर हाच माणूस भोळा, आळशी, नाचरा होता. १८३० च्या दशकात टॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळं फासून ‘जिम क्रो’ म्हणून नाचायचा आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. १८६५ मध्ये गुलामगिरी गेली, १८७० मध्ये मताचा हक्क आला, आणि बघता बघता तोच भोळा माणूस गोऱ्या बायकांवर टपलेला राक्षस ठरला! माणूस तोच, गोऱ्यांची गरज बदलली.

१८९२ मध्ये मेम्फिसला किराणा दुकान चालवणाऱ्या तिघा काळ्यांना जमावाने ठार केलं. खरं दुखणं होतं शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटल्याचं. आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंनी अशी प्रकरणं खणून लिहिलं की बलात्काराचा आरोप पुष्कळदा निव्वळ बहाणा असतो. त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरीच फोडली. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने तो राक्षस पडद्यावर आणला. व्हाइट हाउसमध्ये खेळ झाला, आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची हिंसक संघटना पुन्हा उभी राहिली.

जर्सीकर:
इतिहास मान्य. पण रात्री स्टेशनवरून घरी येताना माझ्या डोक्यात १८९२ साल नसतं. खुनासाठी अटक झालेल्यांत काळ्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त आहे, आकडे एफबीआयचेच आहेत. सावध राहिलो की लगेच वर्णद्वेष्टा? आणि ओबामा याच देशात दोनदा निवडून आले.

मधुरा_प:
आकडे खोटे नाहीत. पण त्या खुनांतले बहुतेक बळीही काळेच असतात, हे तुम्ही सोडून दिलंत. स्टेशनवर दिसलेल्या एका माणसाबद्दल तो आकडा काय सांगतो?

भीतीवर धोरण आखलं की काय होतं तेही बघा. १९९५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन डियुलिओ म्हणाले, ‘सुपरप्रेडेटर’ म्हणजे निर्दय गुन्हेगार पोरांची लाट येतेय. अनेक राज्यांत अल्पवयीनांना प्रौढांच्या कोर्टात उभं करणं सोपं झालं. लाट आलीच नाही, उलट अल्पवयीनांचे गुन्हे घटले. प्राध्यापकांनी पुढे चूक कबूल केली. आत गेलेल्या पोरांना त्याचा काय उपयोग?

खवचट:
आम्हा कोकणस्थांना जन्मभर चिक्कू म्हणतात, आम्ही कधी धागा काढला का? शिवाय काळ्यांबद्दल चांगले समजही आहेतच की. ताकद, खेळ, संगीत.

उंबरठा:
चिक्कूपणावरून तुम्हाला पोलीस अडवत नाहीत हो. आणि ‘ताकद’ म्हणाल, तर २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पाहणीत दिसलं की काही गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना काळ्यांची कातडी जाड असते असं खरंच वाटत होतं. असे समज बाळगणारे काळ्या रुग्णाचं दुखणं कमी मोजत होते. क्लीव्हलंडचा टामिर राइस १२ वर्षांचा होता, हातात खेळण्यातलं पिस्तूल. २०१४ मध्ये त्याला गोळी घातल्यावर पोलिसांनी वायरलेसवर वय सांगितलं, बहुधा वीस.

जर्सीकर:
अर्धीच गोष्ट सांगताय. तक्रारीचा फोन करणाऱ्याने पिस्तूल बहुधा नकली आहे असं सांगितलं होतं, ते कंट्रोल रूमने पोलिसांना कळवलंच नाही. हा ढिसाळपणा झाला, पूर्वग्रह नव्हे.

मधुरा_प:
कळवलं नाही, खरं आहे. पण गाडी आल्यापासून दोन सेकंदांत गोळी सुटली. तेवढ्यात त्या पोराचं वय आठ वर्षांनी कंट्रोल रूमने वाढवलं का?