अनोळखी एक्स्टेन्शनच्या फायली प्रीव्ह्यूमध्ये सरसकट मजकूर म्हणून दाखवाव्यात का?

धागाकर्ता: विंडोजमध्ये आल्ट+पी दाबलं की प्रीव्ह्यू पेन उघडतं. टीएक्सटी (नावाच्या शेवटच्या या अक्षरांनाच एक्स्टेन्शन म्हणतात) दिसते, पण सबटायटलची एसआरटी निवडली की ‘प्रीव्ह्यू उपलब्ध नाही’. दोन्हींत साधा मजकूरच! गिट, म्हणजे प्रोग्रामरांचं कोडमधले बदल सांभाळणारं साधन, फाइलीचे पहिले ८००० बाइट तपासतं. शून्य बाइट (किंमत शून्य असलेला) सापडला तर बायनरी, म्हणजे मजकूर नसलेली फाइल, नाहीतर मजकूर. एक्सप्लोररनेही (विंडोजची फायली दाखवणारी खिडकी) आत डोकावून ठरवावं.

नोंदवहीवाला: असहमत. हवी तेवढीच एक्स्टेन्शन नोंदवा. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) एचकी करंट यूजर → सॉफ्टवेअर → क्लासेसखाली डॉट एसआरटी नावाची ‘की’ (फोल्डरसारखा कप्पा) करा. त्यात पर्सीव्ह्डटाइप नावाची स्ट्रिंग, किंमत टेक्स्ट. मग टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट. या शाखेला ॲडमिनचे हक्कही लागत नाहीत. आणि शून्य बाइटचा नियम लंगडा आहे. याच एडिटरमधून एक्सपोर्ट केलेली आरईजी फाइल यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत असते, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षरामागे एक शून्य बाइट. ती बायनरी ठरेल!

धागाकर्ता: त्या फाइलीचे पहिले दोन बाइट एफएफ आणि एफई असतात. ती यूटीएफ-१६ची खूण आधी बघायची, शून्य नंतर.

मॅकप्रेमी: धागाकर्त्याशी सहमत. नावावर विसंबलं की काय होतं ते मॅकवर बघा. टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची टीएस फाइल निवडून स्पेसबार दाबा. क्विक लुक, म्हणजे मॅकचा प्रीव्ह्यू, तिला व्हिडिओ समजतं, कारण एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम या व्हिडिओ प्रकाराचं एक्स्टेन्शनही टीएसच.

अनुस्वार: मराठी एसआरटी असेल तर नोंद करूनही भागत नाही. यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची आणखी एक पद्धत) फाइलीला सुरुवातीची तीन बाइटांची बीओएम खूण नसेल, तर प्रीव्ह्यू पेन ती जुन्या ‘आन्सी’ पद्धतीने वाचू शकतं आणि एकेका देवनागरी अक्षराच्या जागी तीन-तीन भलतीच चिन्हं येतात. नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडून सेव्ह करा.

कुलूपकिल्ली: सरसकट नकोच. ऑक्टोबर २०२५च्या सुरक्षा अपडेटपासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलींचा प्रीव्ह्यू मायक्रोसॉफ्टनेच बंद केलाय. फाइलीतल्या एचटीएमएल टॅगमधला (वेबपानाच्या कोडमधली सूचना) बाहेरचा पत्ता प्रीव्ह्यूत उघडला गेला, तर लॉगिनचा एनटीएलएम हॅश, म्हणजे पासवर्डपासून बनलेला सांकेतिक ठसा, फुटू शकतो. खात्रीच्या फाइलीपुरतं प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर टिक करा.

धागाकर्ता: हा धोका टॅग चालवण्यातला आहे. अनोळखी फाइल निव्वळ अक्षरं म्हणून दाखवली, तर टॅग चालतच नाही, नुसता वाचायला मिळतो.