मदत हवी आहे : पिंपल्स गेले, खड्डे राहिले. सबसिजन की लेझर?

नमस्कार मंडळी. भावासाठी विचारतेय, वय 27. बारावीपासून तोंडभर पिंपल्स. आधी घरात मुलतानी माती, चंदन सगळं झालं. मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. आठवड्यात चेहरा चकचकीत, बंद केली की दुप्पट पुरळ! त्यात स्टेरॉइड होतं हे फार उशिरा कळलं. असो.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी रक्ततपासणी करून (लिव्हर, लिपिड) आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सवरची गोळी) 20 मिग्रॅ सुरू केलं. ओठ इतके फुटायचे की मिसळ खाताना डोळ्यांत पाणी. पण पिंपल्स गेले. गोळ्या संपून 3 महिने झाले.

आता प्रश्न खड्ड्यांचा. कानशिलाजवळ सुईने टोचल्यासारखे बारीक नि खोल, गालांवर पसरट; खिडकीशी बसला की तिरप्या उजेडात जास्तच दिसतात. डॉक्टर म्हणतात, पसरट खड्ड्यांना सबसिजन (कातडीखालचे चिकटलेले धागे सुईने सोडवतात) आणि मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचतात), बारीक खड्ड्यांना टीसीए क्रॉस (खड्ड्यात टीसीए हे ॲसिड टेकवतात). दुसऱ्या एका क्लिनिकने खड्डे धड न बघताच सीओटू लेझरचं पॅकेज पुढे केलं. आमचा रंग सावळा, त्यामुळे लेझरनंतर काळे डाग पडायची धास्ती वाटते.

कोणी सबसिजन केलंय का? सूज किती दिवस होती? कितव्या सिटिंगला फरक जाणवला? गोळ्यांनंतर किती थांबलात? दिवाळीनंतर मुली बघायच्यात, म्हणून आईला घाई. तो म्हणतो, 'मी काय बाहुला आहे का?'

लिंबू-टोमॅटोचे उपाय प्लीज नकोत, ते सगळे करून झालेत.