मदत हवी आहे : शाळेच्या वेळेत गेटसमोर गाड्या, अर्ज नक्की कुणाकडं करायचा? (सांगली)

मधलीगल्ली :
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबाग भागात, शंभर फुटी रोडवरून आत वळलं की आमची गल्ली आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझ्या भाच्या तिथंच शिकतात आणि शाळा म्हणून चांगलीच आहे, शिकवण्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती शाळा भरताना आणि सुटताना आमच्या गल्लीत जो धिंगाणा होतो त्याची.

सकाळी सातला एकदा आणि संध्याकाळी एकदा होतंच, ते आम्ही सोसतो. पण खरा घोळ दुपारी बारा ते साडेबाराचा. २०२४ मधे चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सरकारचं निघालं ना, तेव्हा शाळेनं सत्रंच बदलली, मोठी पोरं सकाळी आणि बारकी दुपारी. निर्णय पोरांच्या झोपेसाठी चांगलाच आहे, पण आता मोठी सुटायची आणि बारकी यायची वेळ एकच झाली आणि बारक्यांना सोडायला घरटी एक माणूस गाडी घेऊन येतंच. त्यात व्हॅन, रिक्षा, आणि पाऊस असला की जो एरवी टू-व्हीलरवर येतो तो पण चारचाकी काढतो.

रस्ता कागदावर नऊ मीटर आहे म्हणे. दोन्हीकडची गटारं, लोकांनी बाहेर काढलेले रॅम्प आणि झाडांचे कट्टे सोडले तर जेमतेम सहा उरतोय. दोन्ही बाजूला एकेक चारचाकी लागली की मधी राहतात सव्वादोन अडीच मीटर, त्यातनं समोरासमोर दोन व्हॅन आल्या की संपलंच, मग कोण मागं घेणार यावर हॉर्न आणि आईबापावरनं शिव्या, आणि हे सगळं बारक्या पोरांच्या देखत.

आमची अडचण अशी की सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे मिरजेला आणि स्लॉट दुपारी एकचा आहे. तो बदलून मिळत नाही, विचारून झालंय. म्हणजे बरोब्बर त्याच वेळी मला गेटमधनं गाडी बाहेर काढायची असते आणि गेटला आडवी कुणाची तरी गाडी उभी असते, माणूस शाळेच्या दारात, हॉर्न दिला तर हाताने "आलो आलो" करतो. एकदा तर हँडब्रेक लावून, गिअरमधे टाकून, काचा वर करून गेलेले एक साहेब, पाच सहा जणांनी ढकलून पण हलेना. वर मला म्हणाले पाच मिनिटानं काय होतंय ओ मॅडम.

शाळेत गेलं की गेटच्या बाहेरचं आमच्याकडं नाही. एका ऑफिसात गेलं की रस्ता त्यांचा पण पार्किंग दुसऱ्यांचं. दुसऱ्या ऑफिसात गेलं की तिथं नो पार्किंगचा बोर्डच नाही तर आम्ही कारवाई कशी करणार, आधी बोर्ड आणा. बोर्ड कुठनं आणू, बाजारात मिळतो तो आणून लावलाच आहे आम्ही, त्याच्याखालीच गाडी लावतात.

तर मला एवढंच सांगा की अर्ज नक्की कुणाच्या नावे करायचा, त्यात काय मागायचं, फोटो काढले तर चालतात का, आणि मुख्य म्हणजे हे सगळं करताना गल्लीत आणि पाहुण्यात वैर होऊ नये असं काही आहे का. कारण गाड्या लावणारे परके नाहीत, निम्मे तोंडओळखीचे आहेत.

भडंगप्रेमी :
दोन चाकांची हवा सोडा. आठवड्यात गल्ली मोकळी. 😄

कायद्याचं_बोला :
वरच्या सल्ल्याकडं लक्ष देऊ नका ताई, हवा सोडली, ओरखडा काढला तर नुकसान केलं म्हणून उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल आणि मग तुम्ही तक्रारदाराच्या आरोपी व्हाल.

आता बोर्डाचं. तुम्हाला जे सांगितलं की बोर्ड नाही तर कारवाई नाही, ते अर्धंच खरं आहे. एखादा अख्खा रस्ता नो पार्किंग करायचा तर त्याला अधिसूचना लागते हे खरं, आणि घरगुती बोर्डाला कायद्यात किंमत नाही हे पण खरं. पण काही जागा अशा आहेत की तिथं बोर्ड असो नसो, गाडी लावायचीच नाही. शाळेचं आणि हॉस्पिटलचं प्रवेशद्वार, बसस्टॉप, चौक, फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, कुणाच्याही मिळकतीचं गेट, आणि उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी गाडी म्हणजे डबल पार्किंग. हे १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत होतं आणि २०१७ ला त्याजागी जे ड्रायव्हिंग रेग्युलेशन आले त्यात पण आहे. म्हणजे तुमच्या गेटला आडवी लावलेली गाडी आजच बेकायदा आहे, त्याला कुठला बोर्ड लागत नाही.

त्याशिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२, धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाणं. दंड कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० पर्यंत, परत सापडला तर १५०० पर्यंत. मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलायचा किंवा जॅमर लावायचा अधिकार कलम १२७ मधे गणवेशातल्या पोलिसाला आहे. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा, पाच हजारापर्यंत दंड. जुन्या आयपीसीत याच गुन्ह्याला दोनशे रुपये होते, त्यामुळं कुणी मनावर घ्यायचं नाही.

फोटो खुशाल काढा, सार्वजनिक रस्ता आहे. नंबर प्लेट, तुमचं गेट आणि वेळ एका फोटोत आली पाहिजे. महाट्रॅफिक अ‍ॅपमधे नागरिकांना तक्रार टाकायची सोय आहे, तिथं टाका. फक्त पोरांचे चेहरे येऊ देऊ नका आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका. वैर तिथनंच सुरू होतं.

दोन_पोरांची_आई :
मी तुमच्या शाळेची नाही पण अशाच एका शाळेची पालक आहे, त्यामुळं थोडी दुसरी बाजू मांडते, राग मानू नका. सगळे म्हणतात सोडा आणि निघा, थांबता कशाला. अहो बारक्यांच्या बाबतीत तसं होतच नाही. सुटताना कार्ड दाखवल्याशिवाय पोर ताब्यात देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, मला पण तेच पाहिजे. पण मग गाडी कुठंतरी उभी करून गेटवर रांगेत थांबावंच लागतं. एका गेटमधनं, एकाच बाई, एकेक नाव पुकारून सोडणार, पोरगं दप्तर विसरून परत वर्गात जाणार. पाच मिनिटाचं काम पंचवीस मिनिटं चालतं आणि तेवढा वेळ गाडी कुणाच्या तरी दारातच असते.

आणि लवकर येऊन उभं राहिलं नाही तर जागा मिळत नाही म्हणून सगळे अर्धा तास आधी येतात. म्हणजे गर्दी सुटायच्या वेळेची नसून वाट बघणाऱ्यांची आहे. शाळेनं आतलं मैदान उघडलं तर निम्मं भागेल. पण मैदानात पेव्हर ब्लॉक घातलेत, ते खराब होतील म्हणे!

तुमच्या सासूबाईंचं वाचून मात्र वाईट वाटलं. गेट अडवणाऱ्याला माफी नाहीच.

इरसाल_मिरजकर :
व्हॅनवाले राहिले की. बाराची शाळा तर हे अकरा सव्वाअकरालाच येऊन सावली बघून लावतात, सीट मागं टाकून झोप. पण त्यांना पण काय बोलणार, पुढची ट्रिप पकडायची असते. त्यांना नीट जागा नेमून दिली तर ते ऐकतात, पालक ऐकत नाहीत हा माझा अनुभव. कुठल्या तरी साहेबाला फोन लावतो म्हणणारा व्हॅनवाला मी अजून बघितला नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, आठवी नववीची पोरं मोपेडवर ट्रिपल सीट येतात आणि शाळेत आत लावू देत नाहीत म्हणून तुमच्यासारख्यांच्या गल्लीत लावतात, त्याचं काय? २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९-अ आलंय, अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. बापाला माहीतच नसतं. कौतुकानं चावी देतो.

भडंगप्रेमी :
बरं हवा सोडत नाही. पण मिरजकरांनी पार्किंगवर बोलावं? मिरजेत रस्ता कुठला आणि पार्किंग कुठलं हेच कळत नाही.

इरसाल_मिरजकर :
तुम्ही गणपती पेठेत चारचाकी नेऊन दाखवा, मग बोलू.

खडू_फळा :
विषयावर या रे. ताई, मी शिक्षक आहे, सांगलीतल्या नाही, जिल्ह्यातल्याच दुसऱ्या शाळेत. तुम्हाला एक दार कुणी सांगितलं नाही ते सांगतो. महाराष्ट्रात स्कूल बसचे २०११ चे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेला परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि त्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, त्या भागातले पोलीस किंवा वाहतूक निरीक्षक, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचा माणूस, स्थानिक संस्थेचा म्हणजे तुमच्याकडं महापालिकेचा प्रतिनिधी आणि बसवाल्यांचा प्रतिनिधी. मुलांची सुरक्षित ने-आण आणि बसचे थांबे ठरवणं हे या समितीचं काम.

म्हणजे बघा, तुम्हाला जे तिघं तीन दिशांना पाठवतायत ते तिघंही नियमानं एकाच टेबलावर बसायला पाहिजेत. खरं सांगायचं तर बऱ्याच शाळांत ही समिती फायलीत असते, सह्या घरपोच होतात. त्यामुळं शाळेला बाहेरचं बघा म्हणून भांडू नका, लेखी विचारा की परिवहन समितीत कोण कोण आहे आणि तिची बैठक केव्हा आहे, मला माझं म्हणणं मांडायचं आहे. हा प्रश्न गेला की मुख्याध्यापकांना "आमच्याकडं नाही" म्हणता येत नाही.

आमच्याकडं काय केलं तेही सांगतो. पहिली दुसरी मागच्या गेटनं, तिसरी चौथी पुढच्या गेटनं, आणि मोठी पोरं सुटल्यावर वीस मिनिटं सोडून मगच बारक्यांचं गेट उघडायचं. पैसा लागला नाही. दोन महिने कटकट झाली, दोन पोरं वेगवेगळ्या गेटला असलेले पालक तर भांडायलाच आले, त्यांच्या धाकट्याला थोरल्याच्या गेटनं सोडायला लागलो. गेटवर आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोल, शाळेतलंच वाहतूक पथक) पोरं उभी केली, मोठ्या माणसाला शिट्टी मारायला मिळते म्हटल्यावर पोरं एकदम खूष. आता गर्दी आहे पण अडकत नाही. व्हॅन मात्र आम्ही आत घेतो, पेव्हर ब्लॉकला काही होत नाही.

मधलीगल्ली :
खडू_फळा सर आणि कायद्याचं_बोला, दोघांचे मनापासून आभार, ही समिती असते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. @दोन_पोरांची_आई राग अजिबात नाही, उलट कार्डाचं तुम्ही सांगितल्यावर कळलं की सगळे एवढा वेळ का थांबतात, मी समजत होते गप्पा मारत थांबतात (काही थांबतात!).

आता सांगा की शाळेला हे पत्र दिलं तरी रस्त्याचं काय? मला वाटतं शाळेच्या वेळेपुरती एकेरी वाहतूक केली आणि एका बाजूलाच पार्किंग ठेवलं तर गाड्या अडकणार नाहीत. हे कोण करतं? आणि नो पार्किंग झालं तर आमच्या गल्लीतल्या लोकांच्या स्वतःच्या गाड्या पण बाहेर लावता येणार नाहीत, त्यावर शेजारी आताच कुरकुर करायला लागलेत. आमच्या समोरच्यांच्या दोन चारचाकी रस्त्यावरच असतात कायम, पार्किंगमधे त्यांनी गाळा काढून भाड्यानं दिलाय.

कायद्याचं_बोला :
ते गाळ्याचं प्रकरण इथं काढू नका, एका अर्जात एकच मागणी. दोन मागण्या केल्या की सोपी असेल तिला उत्तर येतं आणि अर्ज निकाली.

आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं एकेरी मार्ग, ठराविक वेळेची नो पार्किंग, पी-वन पी-टू (म्हणजे सम-विषम तारखेला एकेका बाजूला पार्किंग) हे सगळं सहसा वाहतूक शाखेच्या अहवालावरनं कलेक्टर ऑफिसची अधिसूचना होऊन येतं. बोर्ड आणि पट्टे मारायचं काम महापालिकेचं. म्हणून मूळ अर्ज शहर वाहतूक नियंत्रण शाखेला, प्रत पोलीस अधीक्षक, महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी आणि शाळेला. पूर्णवेळ नो पार्किंग मागूच नका, फक्त शाळेच्या वेळेपुरतं आणि एका बाजूला मागा, म्हणजे शेजाऱ्यांचा विरोध मावळतो. वेळा मिनिटासकट लिहा.

महिनाभरात काही हाललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे कलेक्टर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथं अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि आधीच्या अर्जाची पोच जोडावी लागते, म्हणून आत्ताच सगळं कागदावर ठेवा.

आणि ज्या दिवशी डायलिसिसला निघताना गेट अडलेलं असेल त्या दिवशी अर्जाबिर्जाच्या भानगडीत न पडता सरळ ११२ ला फोन लावा. पेशंट अडकलाय म्हणून सांगा.

खडू_फळा :
एकट्यानं अर्ज देऊ नका. गल्लीतले आणि शाळेचे पालक, दोघांच्या सह्या घ्या. फक्त रहिवाशांच्या सह्या असल्या की शाळा विरुद्ध गल्ली असं होतं. पालकांना पोरांच्या सुरक्षेचं सांगितलं तर सह्या देतात, दोन गाड्यांच्या मधनं एकदम बाहेर येणारं पोर रिव्हर्स घेणाऱ्याला दिसत नाही ही भीती प्रत्येकाला असते. तुमच्या भाच्यांचे आईवडील पहिली सही करू शकतात.

मधलीगल्ली :
भावाला आत्ताच फोन केला, तो करतो म्हणाला सही. त्याच्या मुलींच्या वर्गाचा पालकांचा ग्रुप आहे, त्यातले आणखी काही जण पण तयार होतील म्हणे, फक्त गाडी कुठं लावायची ते पण सांगा असं सगळे विचारणार. जवळच एक मोकळं मैदान आहे, चालत तीन चार मिनिटं, ते अर्जात सुचवते. शनिवारी अर्ज टाईप करून घेते.

इरसाल_मिरजकर :
मैदान कुणाच्या मालकीचं आहे ते आधी बघा, नाहीतर तिकडनं नवीन धागा निघायचा.

कायद्याचं_बोला :
अर्जाला डायलिसिसच्या कार्डाची झेरॉक्स जोडा, वेळ दिसेल अशी. आणि आवक-जावकला शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथनं हलू नका, "ठेवून जा, बघतो" म्हणतील.