बंद घर, कोरडी मोरी आणि तो वास : आपापले अनुभव लिहा

ओसरी

पाच आठवडे बंद असलेले पुण्यातले घर गेल्या रविवारी उघडले, आणि दारातच जो भपकारा आला त्याने मला थेट लहानपणच्या वाड्यातल्या मोरीपाशी नेऊन उभे केले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ती काळ्या दगडाची मोरी, तिच्या काठावर तांब्याचा बंब, आणि माझी आजी. आजी कोकणात लग्नकार्याला निघाली की सामान रिक्षात चढल्यावरही एकदा परत आत जात असे, मोरीत दोन तांबे पाणी ओतत असे आणि भोकावर ओल्या फडक्याचा बोळा दाबून त्यावर वरवंटा ठेवत असे. आजोबा दरवेळी थट्टा करत की ही मोरीचा निरोप घेतल्याशिवाय गाव सोडत नाही. तिने कारण कधी सांगितले नाही. वास येतो, एवढेच ती म्हणत असे.

मी मात्र निघताना गॅस पाहिला, मेन स्विच पाहिला, नळ दोनदा पाहिले, आणि मोरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. दोन न्हाणीघरांपैकी पाहुण्यांच्या न्हाणीघरात वास सर्वांत उग्र होता, कारण तिथे तसेही महिनोन्महिने कोणी आंघोळ करत नाही. दोन बादल्या पाणी ओतल्यावर संध्याकाळपर्यंत वास गेला, आणि आजीचे दोन तांबे आठवून मला अंमळ लाज वाटली. आपल्याकडे या वासाने कोणाकोणाला छळले आहे आणि तो नेमका कशाने गेला, ते सवडीने लिहावे.

वऱ्हाडी ठेचा

पाच आठवडे म्हणजे फार झाले. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर गेला की पंधरा दिवसांतच मोरी कोरडी पडते. शेजारच्या काकांनी सांगितल्यावरून आम्ही गावाला जाताना पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडू लागलो, म्हणजे तेलाचा तवंग राहून पाण्याची वाफ लवकर होत नाही. उपाय खरा आहे, पण महिनाभराने परतल्यावर गटाराच्या वासाऐवजी खवट तेलाचा वास आला. आता मी शिलाई मशीनचे तेल वापरतो, कारण ते खवट होत नाही.

चहाटळ

आमच्या घरी पाहुणे आले की न्हाणीघरात दोन उदबत्त्या लावतात. त्यामुळे गटारात सत्यनारायण घातल्यासारखा वास येतो.

अर्धवट अभियंता

ओसरीताई, आजींचे दोन तांबे ही शुद्ध अभियांत्रिकी आहे. जाळीखाली जो वाडगा किंवा बाक असतो, ज्याला देशभरची हार्डवेअरची दुकाने आपल्याच न्हाणीच्या नावाने नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात काही पाणी कायम साचून राहावे अशीच त्याची रचना असते. हे साचलेले पाणी म्हणजेच घर आणि गटार यांच्यामधले दार. चांगल्या ट्रॅपमध्ये ते साधारण ५० मिलिमीटर खोल असावे लागते. स्वस्तातल्या, उथळ ट्रॅपमध्ये ते त्याहून बरेच कमी असते आणि म्हणून लवकर आटते. पाणी आटले की पलीकडचा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा तो वास, सरळ घरात येतो. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या नळीला असा बाक देऊन १७७५ साली त्याचे पेटंट घेतले. आज अडीचशे वर्षांनंतरही आपण त्या बाकात फिनेल ओततो, पण पाणी ओतायचे आपल्या लक्षात राहत नाही.

हा केवळ नाक मुरडण्याचा विषय नाही, हेही सांगून ठेवतो. हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ साली तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा संसर्गजन्य आजार झाला, तेव्हा तिथल्या सरकारी तपासात न्हाणीघरांतले कोरडे ट्रॅप आणि एक्झॉस्ट पंखे यांच्याकडे बोट दाखवले गेले. न्हाणीघराचे दार लावून पंखा चालू केला की तो हवा कुठून तरी ओढणारच, आणि ट्रॅप कोरडा असेल तर तो ती गटारातून ओढतो.

तिसरा मजला

हे सगळे बंद घरांचे झाले. आमच्याकडे ठाण्यात चार माणसे रोज आंघोळ करतात आणि तरीही तीन महिने वास येत होता. मी जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवल्या, कापूर ठेवला, सोडा आणि व्हिनेगर ओतून त्याचा फेस मुलांना दाखवला, आणि प्रत्येक उपायानंतर वास ताज्या दमाने परत आला. शेवटी आलेल्या प्लंबरने जाळी उचलून आत बोट घातले आणि विचारले, "यातली वाटी कुठे आहे?"

वाटी मीच काढली होती. तिच्याभोवती केसांचे गुंतवळ साचून पाणी तुंबत असे, म्हणून गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती उपडी वाटी काढून टाकल्यावर पाणी झराझरा जाऊ लागले, याचा मला अभिमानच वाटला होता. जाळीला खालून बसणारी ती वाटी पाण्यात बुडून राहिल्यामुळेच हवेची वाट बंद होते, हे मला पन्नाशीत कळले. ती बाल्कनीत मोगऱ्याच्या कुंडीखाली सापडली. ती परत बसवली, आणि दुसऱ्या दिवशी वास नव्हता. प्लंबरने दोनशे रुपये घेतले आणि माझ्या कुटुंबाने हा किस्सा घेतला, जो ते प्रत्येक समारंभात सांगतात.

बिनपगारी गृहिणी

तिसरा मजला, हसू नका, पण आमची वाटी सध्या माझ्या नातवाकडे आहे आणि तो तिने भातुकलीत ताक घुसळतो. आज संध्याकाळी ती हस्तगत करावी लागेल.

वाटी काढण्यापेक्षा ती दर आठवड्याला धुवावी, असे मी अनुभवाने सांगते. जाळीच्या खालच्या अंगाला साबणाचा मळ, तेल आणि केस यांचा जो करडा, बुळबुळीत थर बसतो, त्याला स्वतःचा एक आंबूस वास असतो, आणि तो गटाराच्या वासाहून वेगळा असतो. त्यावर पतंगासारख्या बारीक केसाळ माश्या बसू लागल्या की समजावे, थर जाड झाला आहे. जुना टूथब्रश, कपड्यांची पावडर आणि गरम पाणी यांनी तो निघतो.

अ‍ॅसिडबद्दल मात्र हात जोडून विनंती आहे. एकदा मी सकाळी अ‍ॅसिड ओतले आणि ते पुरते धुऊन न जाताच वरून ब्लीचिंगचे पाणी टाकले. जो पिवळसर, झोंबणारा वायू उठला त्याने मी खोकत खोकत थेट जिन्यात येऊन बसले आणि दोन तास मला धड बोलता येईना. तो क्लोरीन होता, हे मुलाने नंतर सांगितले. मोरीच्या वासाने त्या दिवशी माझे काहीही बिघडवले नव्हते, जे बिघडले ते उपायाने.

ओसरी

बिनपगारी गृहिणी, वाचूनच घसा खवखवला. आता बरे आहे ना? आमच्याकडे मोरीत वेगळे अ‍ॅसिड आणि संडासात वेगळे ब्लीच टाकण्याची पद्धत आहे, आणि दोन्ही एकाच पाइपला मिळतात, हे आज पहिल्यांदा मनात आले.

गच्चीची किल्ली

गिरगावातल्या आमच्या सात मजली इमारतीतला प्रकार अजून निराळा आहे. आमच्या मोरीत पाणी होते, वाटीही होती, तरी सकाळी सात ते नऊ या वेळेत जाळीतून बुडबुड असा आवाज येई आणि पाठोपाठ दुर्गंधी. घरातल्या ज्येष्ठांनी त्याचा संबंध वरच्या बिऱ्हाडाच्या स्वभावाशी लावला. तो संबंध अगदीच चुकीचा नव्हता, कारण वरच्यांनी फ्लश ओढला की आमच्या ट्रॅपमधले पाणी पाइपात खेचले जाऊन अर्धे नाहीसे होत असे. उभ्या पाइपातून पाण्याचा मोठा लोट खाली जाताना मागे हवा लागते. ती गच्चीवरच्या उघड्या तोंडातून मिळाली नाही, तर पाइप ती शेजारच्या मोऱ्यांतून ओढतो आणि सोबत त्यांचे पाणीही नेतो.

गच्चीवर चढून पाहिले तर त्या व्हेंट पाइपाच्या तोंडावर कबुतरांनी घरटे केले होते, आणि त्याच्याही आधी कोणीतरी पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून त्यावर फरशीचा तुकडा ठेवला होता. फरशी काढायला सोसायटीच्या दोन सभा लागल्या, कारण ती ठेवणारे सभासद हयात होते आणि बाजू मांडू इच्छित होते. अंडी उबून पिल्ले उडेपर्यंत आणखी तीन आठवडे थांबलो, मग तोंडाला जाळी बसवली. बुडबुड त्याच दिवशी थांबली.

माडाखाली

आमच्या गोव्याच्या घरी उलटे गणित आहे. उन्हाळ्यात काही नाही, जुलैत वास. सेप्टिक टँकचे पाणी ज्या शोषखड्ड्यात जिरते, तो पावसाने जमिनीतले पाणी वर आले की जिरवणे बंद करतो, आणि मग मोरी हळूहळू वाहू लागते व तुंबलेले आपला दरवळ मागे पाठवते. मोरी कितीही घासली तरी उपयोग नाही. आम्ही आता मे महिन्यातच टँक उपसून घेतो.

राइनकाठ

जर्मनीतल्या आमच्या घरी शॉवरच्या जाळीखालचा सायफन, म्हणजे तिथला ट्रॅप, हाताने उचलून बाहेर काढता येतो. मी तो मोठ्या उत्साहाने धुतला आणि रबरी रिंग विसरून तसाच बसवला, आणि वास सुरू झाला. घरमालकाला तीन पत्रे लिहिल्यानंतर रिंग साबणाच्या डबीत सापडली. चौथे, दिलगिरीचे पत्र लिहिण्यासाठी मला शब्दकोश काढावा लागला.

बोअरवेल

माझा प्रश्न सुटलेला नाही, म्हणून विचारतो. वाटी आहे, पाणी आहे, जाळी घासलेली आहे, तरी आंघोळीच्या वेळी सडक्या अंड्यांचा वास येतो. आंघोळ संपली की वासही संपतो.

अर्धवट अभियंता

गीझरचे पाणी एका पेल्यात घ्या, न्हाणीघराबाहेर अंगणात जा आणि तिथे त्याचा वास घ्या. पेल्याला वास आला तर मोरी निर्दोष आहे. बोअरच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू गीझरच्या टाकीत वाढतात, आणि टाकीला गंज लागू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी त्यांना मदतच करते. थंड पाण्याला वास नाही आणि गरम पाण्याला आहे, असे असेल तर प्लंबर नको, गीझरवाला बोलवा.

बोअरवेल

पेल्याला वास आला. मोरीची मी सहा महिने विनाकारण बदनामी केली.

ओसरी

पुढच्या मंगळवारी पुन्हा महिनाभरासाठी मुलाकडे जात आहे. दोन्ही न्हाणीघरांत आणि गॅलरीतल्या मोरीत पाणी ओतून जाळ्यांवर पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवणार आहे, आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे देणार आहे. काल त्यांना सगळे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तुळशीला रोज आणि मोरीला आठवड्यातून एकदा, असंच ना?"